घरी गोड, मंडपात भुणभुण: प्रोसेसरवरचं अ‍ॅम्प कॅप्चर स्टेजवर का बिघडतं

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. घरी हेडफोनवर कॅप्चर, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची गिटारच्या प्रोसेसरमध्ये टाकायची डिजिटल नक्कल, ऐकलं की अंगावर काटा येतो. तोच प्रोसेसर मंगल कार्यालयात नेऊन मिक्सरला जोडला की एक तर डबीत माशी कोंडल्यासारखी भुणभुण ऐकू येते, नाहीतर गिटार कीबोर्ड आणि ढोलकीच्या मागे गढूळ होऊन बुडते. मग रात्री जागून नवी फाइल उतरवली जाते. घरी ती पुन्हा गोड लागते, आणि पुढच्या कार्यक्रमात पहिले पाढे पंचावन्न. "भाऊ, आवाज फाटायलाय, चांगली एखादी फाइल असंल तर द्या की," असे फोन लग्नसराईत मला सारखे येतात.

फाइल देण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. तुमचं कॅप्चर नुसत्या अ‍ॅम्पच्या हेडचं, म्हणजे स्पीकरशिवायच्या अ‍ॅम्पचं आहे की कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, आणि माइकसकट आहे? आणि प्रोसेसरच्या कुठल्या सॉकेटमधून केबल काढून मिक्सरच्या कुठल्या सॉकेटमध्ये घातली आहे? या दोन प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा फाइल बदलायची गरजच उरत नाही. दोष कॅप्चरमध्ये क्वचित असतो. तो असतो कॅप्चरच्या अलीकडे, म्हणजे गिटारचा सिग्नल किती जोरात आत शिरतो त्यात, किंवा पलीकडे, म्हणजे कॅबिनेट, मिक्सर आणि वीज यांत. हे नीट लावलं की साधं फुकटातलं कॅप्चरही मंडपात छान वाजतं.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठंही बघा, ऑर्केस्ट्रातला गिटारवाला खरा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेऊन येत नाही. तो विकत घेणं परवडत नाही, आणि परवडला तरी टेम्पोत, रिसेप्शनच्या अरुंद स्टेजवर त्याला जागा नसते. गणपती मंडळ असो, १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम असो की तुळजापूरच्या वाटेवरचा नवरात्राचा मंडप असो, गिटार प्रोसेसरमधून थेट मिक्सरलाच जाते. मागे खरा स्पीकर नाही, सांभाळून घेणारा अ‍ॅम्प नाही. जो काही टोन आहे तो त्या पायाखालच्या डब्यातच तयार व्हायला हवा.

कॅप्चर म्हणजे नेमकं काय गोठवलेलं असतं

अ‍ॅम्पची अशी 'प्रत' काढण्याची पद्धत केम्पर कंपनीने २०११ मध्ये बाजारात आणली. पुढे न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स आला, आयके मल्टिमीडियाचं टोनएक्स आलं. आणि स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, ज्याला सगळे नॅम म्हणतात, तो खुला आणि मोफत करून दिल्यावर हे तंत्र आपल्या खिशाच्या आवाक्यात आलं. आज व्हॅलेटॉन जीपी-५ सारख्या तळहाताएवढ्या प्रोसेसरमध्येही अ‍ॅपमधून नॅमची फाइल टाकता येते.

कॅप्चर करताना अ‍ॅम्पमधून ठरावीक चाचणी सिग्नल पाठवतात, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करतात, आणि 'हे आत गेलं तर ते बाहेर येतं' हे नातं न्यूरल नेटवर्कला शिकवतात. त्या क्षणी अ‍ॅम्पचे नॉब जिथं होते तिथंच ते कायमचे राहतात. समजा कोणी मार्शल जेसीएम ८०० चा गेन सातवर ठेवून कॅप्चर केलं. मग तुमच्या प्रोसेसरवरचा 'गेन' नॉब फिरवून तो अ‍ॅम्प चारवर येत नाही. तो नॉब फक्त आत जाणारा सिग्नल कमी-जास्त करतो. बास-ट्रेबलचे नॉबही बहुतेक ठिकाणी साधे ईक्यू असतात, त्या मार्शलच्या आतल्या टोन सर्किटशी त्यांचा संबंध नसतो. वेगळा गेन हवा असेल तर त्याच अ‍ॅम्पचं कमी गेनवर काढलेलं दुसरं कॅप्चर घ्या. कॅप्चर काढणारे चांगले लोक एकाच अ‍ॅम्पची क्लीन, थोडं तुटणारं (जोरात वाजवलं की हलकं फाटणारं) आणि पूर्ण डिस्टॉर्शनचं अशी मालिकाच देतात.

रिव्हर्ब, डिले, कोरस हे असं पकडता येत नाहीत, ते प्रोसेसरमध्ये वेगळे लावावेच लागतात. अ‍ॅम्पचा स्वतःचा सूंऽऽ आवाजही कॅप्चरमध्ये येत नाही, कारण नेटवर्क आत येणाऱ्या सिग्नलवरच चालतं. तेव्हा "या कॅप्चरमध्ये हमिंग आहे" असं कोणी म्हणालं तर समजा की हमिंग त्याच्या गिटारीतून, केबलीतून नाहीतर विजेतून येतंय, कॅप्चर फक्त ते मोठं करून दाखवतंय.

भुणभुण की गढूळ? आधी कॅबिनेट तपासा

सगळ्यात जास्त वेळा मामला इथंच अडकतो, म्हणून इथं घाई करू नका.

गिटारचा स्पीकर हा काही साधा स्पीकर नव्हे. तो वरचे सूर जवळजवळ वाजवतच नाही. सेलेस्टियनच्या व्हिन्टेज ३० या प्रसिद्ध बारा इंची स्पीकरचा पल्ला कंपनी ७० ते ५००० हर्ट्झ सांगते. डिस्टॉर्शनमधून निघणारी बरीचशी करकर ५००० च्या वर असते आणि स्पीकर तीच गाळून टाकतो. आता हेडचंच कॅप्चर थेट मिक्सरमधून मंडपाच्या टॉपला (मोठ्या स्पीकरला) गेलं, तर टॉपमधला हॉर्न ती करकर इमानेइतबारे शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवतो. भुणभुण ती हीच.

उलट, कॅबिनेट आणि माइकसकट काढलेलं कॅप्चर घेतलं आणि प्रोसेसरमध्ये वर आणखी कॅबिनेटचा ब्लॉक चालू राहिला, तर आवाज दोन स्पीकरांतून गाळला जातो. वरचं सगळं गेलं, मधलं फुगलं, गिटार गोधडीखाली गेली. गंमत म्हणजे हेडफोनवर हे कित्येकांना 'जाड, गुबगुबीत टोन' म्हणून आवडतं. मंडपात मात्र त्याचा एक सूर सुटा ऐकू येत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. डिस्टॉर्शनचं कॅप्चर लावा, रिव्हर्ब-डिले बंद करा, जाड तारेवर पाम म्यूट करून (तळहाताच्या कडेने तार दाबून) वाजवा आणि कॅबिनेटचा ब्लॉक चालू-बंद करा. बंद केल्यावर रेडिओचं स्टेशन सरकल्यासारखी करकर आली तर कॅप्चर हेडचं आहे, कॅबिनेट चालूच ठेवा. बंद केल्यावर आवाज उघडला, साफ झाला आणि तरीही गिटारसारखाच वाटला, तर कॅप्चरमध्ये कॅबिनेट आहे, ब्लॉक बंदच ठेवा. फाइलच्या नावात 'डीआय' असेल तर ते बहुधा नुसत्या हेडचं, 'फुल रिग' असेल तर कॅबिनेटसकट. पण नावावर विसंबू नका. फाइल हातोहात फिरताना नावं बदलतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलीचं तर विचारूच नका.

कॅबिनेटसाठी इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर (कॅबिनेटच्या आवाजाचा ठसा असलेली छोटी फाइल) वापरत असाल तर मोनो, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव फाइल घेतलेली बरी. ती बहुतेक यंत्रांना चालते. छोटे प्रोसेसर लांब आयआर कापून १०२४ किंवा २०४८ सॅम्पलच घेतात. १०२४ सॅम्पल म्हणजे ४८ किलोहर्ट्झला जेमतेम २१ मिलिसेकंद. गिटारच्या कॅबिनेटला तेवढं पुरतं, त्याची काळजी नको.

अजून एक जागा आहे जिथं हा दोष लपून बसतो: ग्लोबल सेटिंग, म्हणजे सगळ्या पॅचना (जुळवून ठेवलेल्या आवाजांना) एकदम लागू होणारी सेटिंग. बऱ्याच प्रोसेसरमध्ये कुठल्या आउटपुटला कॅबिनेट लागू करायचं हे वेगळं ठरवता येतं. तालमीच्या खोलीत गिटारचा अ‍ॅम्प होता म्हणून कोणीतरी जॅकच्या आउटपुटवरचं कॅबिनेट बंद केलं, हेडफोनवर मात्र ते चालूच राहिलं. घरी छान आणि मंडपात भुणभुण होण्याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे. पॅचमध्ये शंभर वेळा बघितलं तरी सापडत नाही, कारण दोष पॅचमध्ये नसतोच. कार्यक्रमाला निघण्याआधी ही सेटिंग एकदा उघडून बघा.

आत किती जातंय

कॅबिनेट ठीक असूनही टोन 'त्या व्हिडिओसारखा' येत नसेल, तर पातळी बघा. माझ्या मते हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

खऱ्या अ‍ॅम्पला तुमच्या गिटारचा व्होल्टेज थेट मिळतो. कॅप्चरला तो मिळत नाही, त्याला मिळतात आकडे. प्रोसेसरचा इनपुट त्या व्होल्टेजचे आकडे करतो, आणि किती व्होल्टेजला आकडा पूर्ण भरतो हे प्रत्येक यंत्राचं वेगळं असतं. ही मर्यादा डीबीयू या मापात सांगतात. ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट. आता उदाहरण घ्या. कॅप्चर काढणाऱ्याच्या यंत्राची मर्यादा १२ डीबीयू होती आणि तुमच्या प्रोसेसरची १८ आहे. तीच गिटार, तोच हात, पण तुमच्या यंत्रात आकडे ६ डेसिबलने लहान बनणार. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज जवळजवळ अर्धा. कॅप्चरला वाटणार की कोणीतरी गिटारचा व्हॉल्यूम खाली आणून वाजवतोय. डिस्टॉर्शन कमी, टिकाव कमी, आवाज पातळ. अशा वेळी कॅप्चरच्या आधी ६ डेसिबल वाढवायचे, एवढाच उपाय. उलट परिस्थितीत तेवढेच कमी करायचे.

नॅमच्या नव्या फाइलींमध्ये ही मर्यादा लिहून ठेवण्याची सोय आहे, आणि प्रोसेसरची मर्यादा त्याच्या माहितीपुस्तिकेत 'मॅक्सिमम इनपुट लेव्हल' म्हणून असते. दोन्ही आकडे मिळाले तर वजाबाकी करा आणि इनपुट ट्रिममध्ये टाका. नाही मिळाले तर कान आहेतच. थोडं तुटणारं कॅप्चर लावा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, जोरात स्ट्रोक मारा, मग व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. निम्म्यावर आवाज साफ व्हायला हवा आणि पूर्णवर कडेला करकरायला हवा. निम्म्यावरही फाटत असेल तर आत जास्त जातंय, पूर्णवरही साफच राहत असेल तर कमी जातंय. दोन-तीन डेसिबल इकडेतिकडे करून पुन्हा वाजवा. कॅप्चर जिवंत कधी होतं ते बोटांनाच कळतं.

इथं एक फसवी गोष्ट आहे. प्रोसेसरचा इनपुटच ओव्हरलोड होऊन फाटत असेल तर तो फाटका आवाज कॅप्चरच्या आधीच तयार झालेला असतो, मग नंतर काहीही करा, जाणार नाही. ओळखायचं कसं? सगळे ब्लॉक बंद करून कोरी गिटार ऐका. कोरी गिटारच जोरात मारल्यावर कट-कट करत असेल तर हार्डवेअर इनपुटची पातळी किंवा पॅड (पातळी कमी करणारं बटण) बघा. अ‍ॅक्टिव्ह पिकअपवाल्यांना आणि वायरलेस वापरणाऱ्यांना हे हमखास होतं. काही स्वस्त वायरलेसच्या रिसीव्हरवर पातळीची बटणं असतात, स्टेजच्या अंधारात ती दाबली गेली की सगळा हिशोब चुकतो.

गिटार बदलली की पातळी बदलते हेही ध्यानात असू द्या. हंबकर पिकअपची गिटार सिंगल कॉइल पिकअपवालीपेक्षा बहुधा जोरात असते. ऑर्केस्ट्रात दोन गिटारी फिरत असतील तर दोघींसाठी वेगळे पॅच ठेवा, नाहीतर पॅचच्या सुरुवातीला एक साधा बूस्ट ठेवून सिंगल कॉइलच्या वेळी तो दाबा. आणि पॅसिव्ह गिटार कधीही प्रोसेसरच्या आधी मिक्सरमधून किंवा कीबोर्डच्या लाइन इनपुटमधून फिरवून आणू नका. पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुटचा अडथळा फारच कमी असतो, त्यात वरचे सूर मरतात, आणि मेलेले सूर कुठलंही कॅप्चर परत आणत नाही.

घराचा आवाज आणि मंडपाचा आवाज

हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. रात्री घरचे झोपल्यावर हेडफोनवर हळू आवाजात पॅच लावला की हात आपसूक बास आणि ट्रेबल वाढवतो. तोच पॅच मंडपात मोठ्या आवाजात वाजला की बास धबधब करतो आणि ट्रेबल कानात घुसतो. म्हणून स्टेजचा पॅच जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात, एखाद्या पॉवर्ड बॉक्सवर बसवा. मित्राचा बॉक्स असेल तर एका दुपारी त्याच्याकडे जा. ते जमत नसेल तर निदान पॅचच्या शेवटी ईक्यूमध्ये खालून ९०–१०० हर्ट्झच्या आसपास आणि वरून ६–७ किलोहर्ट्झच्या आसपास कापून ठेवा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, तिच्या खाली तुमचं काहीच नाही. तो भाग बास गिटार आणि ढोलाचा आहे, त्यांना राहू द्या. एकट्यात गिटार थोडी किरकोळ वाटेल, पण बँडमध्ये ती स्पष्ट ऐकू येईल.

मिक्सरपाशी काय बघायचं

प्रोसेसरचं आउटपुट लाइन पातळीचं असतं, माइकच्या मानाने खूपच तगडं. स्टेजवरच्या स्नेकला (मिक्सरकडे जाणाऱ्या जाड केबलीच्या डबीला) मात्र बहुधा सगळे कॅनन, म्हणजे तीन पिनचे एक्सएलआर सॉकेट, माइकचेच असतात. तिथं थेट जोडलं की मिक्सरचा माइक इनपुट फाटतो, आणि हा फाटका आवाज ऐकून पोरं कॅप्चरचा गेन कमी करत बसतात. मिक्सरवाल्या दादांना विनंती करून त्या चॅनलचा पॅड दाबायला सांगा, गेन सगळ्यात खाली आणून तिथून वर न्यायला सांगा. पॅड नसेल तर मधे डीआय बॉक्स, म्हणजे लाइनचा सिग्नल माइकच्या पातळीला आणणारी छोटी डबी, लावा. लांब केबल, हमिंग आणि पातळी असे तीन त्रास तो एका वेळी कमी करतो. माझं म्हणणं असं की नवा प्रोसेसर घेण्याआधी प्रत्येक गिटारवाल्याने स्वतःचा डीआय बॉक्स घ्यावा. कार्यालयात असेल या भरवशावर राहू नका. आणि जॅक-टू-कॅनन केबलीने थेट जोडलं असेल तर त्या चॅनलचा ४८ व्होल्टचा फँटम (माइकला केबलमधून दिली जाणारी वीज) बंद आहे ना, हे विचारून घ्या. कंडेन्सर माइकसाठी तो चालू केलेला असतो, आणि तो प्रोसेसरच्या आउटपुटमध्ये उलटा शिरतो.

नांदेडच्या एका रिसेप्शनला एक मुलगा रडकुंडीला आला होता. "नुसता रिव्हर्बच ऐकू यायलाय, गिटारच येईना." प्रोसेसरवर लाइट हलत होते, हेडफोनवर सगळं छान, बाहेर मात्र लांब विहिरीतून आल्यासारखी सावली. केबल हातात घेऊन बघितली: एका बाजूला स्टिरिओ जॅक, दुसऱ्या बाजूला कॅनन, आणि जॅक घातला होता हेडफोनच्या सॉकेटमध्ये. मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट एका तारेतून दुसऱ्या तारेचा सिग्नल वजा करतो. हेडफोनच्या डाव्या आणि उजव्या बाजूला गिटार सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती शून्य होते. रिव्हर्ब दोन्हीकडे वेगळा असतो, तेवढाच उरतो. साधी मोनो जॅकची केबल मुख्य आउटपुटला लावून डीआयमध्ये घातली आणि गिटार परत आली. तुमच्याकडेही 'गिटार गायब, फक्त इफेक्ट' असं झालं तर पॅचला हात लावू नका, केबलच्या दोन्ही टोकांकडे बघा.

मंडपातला मिक्सर बहुधा मोनो चालतो. एकच केबल लावणार असाल तर प्रोसेसरच्या 'लेफ्ट/मोनो' सॉकेटलाच लावा. चॅनलचे हाय, मिड, लो नॉब मधोमध आहेत का तेही बघा. आधीच्या निवेदकाच्या माइकसाठी हाय पूर्ण उघडलेलं असतं आणि गिटार त्याच चॅनलवर येऊन बसते. दादांना नम्रपणे सांगितलं की ते लगेच सरळ करून देतात.

हमिंग

जास्त गेनच्या कॅप्चरवर हमिंग वाढतं, कारण गेन सगळ्याचाच वाढतो. उगम शोधायला एकच क्रम पुरतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. हमिंग गेलं तर ते पिकअपमधून येतंय: स्टेजमागची एलईडी भिंत, लाइटचे डिमर, जवळचा ट्रान्सफॉर्मर. जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला ते चांगलंच कमी होतं, तिथं उभं राहून वाजवा. व्हॉल्यूम शून्य करूनही राहिलं तर प्रोसेसर पॉवर बँकेवर किंवा बॅटरीवर चालवून बघा, त्याची सोय असेल तर. तसं केल्यावर गेलं तर दोष अ‍ॅडाप्टरचा किंवा अर्थिंगच्या फेऱ्याचा (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून बनलेल्या वर्तुळाचा, म्हणजे ग्राउंड लूपचा) आहे. तरीही राहिलं तर प्रोसेसरमधून केबल काढा आणि मिक्सरपासून पुढे शोधा.

अर्थिंगचा फेरा असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. जमलं तर प्रोसेसर आणि मिक्सर एकाच बोर्डवरून चालवा. आपल्याकडे अर्धा स्टेज जनरेटरवर आणि अर्धा महावितरणच्या लाइनवर असतो, तिथं हा फेरा हमखास तयार होतो. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो: हमिंग जावं म्हणून थ्री पिनची मोठी पिन मोडू नका, तिला टेप लावू नका. ओल्या मैदानावर, लोखंडी स्टेजवर, एका हातात गिटारची तार आणि ओठ माइकला टेकलेला, अशा वेळी अर्थिंगच जीव वाचवते. माइकला ओठ लावताना चावा बसला तर वाजवणं थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्रोसेसरला लॅपटॉप किंवा मोबाइल चार्जिंगवर असताना यूएसबीने जोडून ठेवला की बारीक शिट्टी येते. कार्यक्रमात ती केबल काढून ठेवा. नॉइज गेट कॅप्चरच्या आधी ठेवा. तिथं त्याला कोरी गिटार ऐकू येते आणि तो सूर मधेच कापत नाही.

तडतड आणि न उघडणाऱ्या फाइली

वाजवताना मधेच तडतड होत असेल, पॅच बदलताना आवाज तुटत असेल, तर प्रोसेसरच्या डोक्यावर ओझं जास्त झालंय. नॅमची मॉडेल लहान-मोठी असतात: स्टँडर्ड, लाइट, फेदर, नॅनो. छोट्या यंत्रात लहान मॉडेल घ्या. मंडपात स्टँडर्ड आणि लाइटमधला फरक ओळखू येत नाही. भारी रिव्हर्ब बंद करून तडतड थांबते का तेही बघा.

फाइल आतच जात नसेल तर सगळ्यात आधी यूएसबी केबल बदला. मोबाइलसोबत आलेल्या कितीतरी केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. मग अ‍ॅप आणि फर्मवेअर एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्तीचे आहेत का बघा. फाइलचं नाव छोटं, साध्या अक्षरांचं ठेवा. टोनएक्स, क्वाड कॉर्टेक्स, केम्पर यांच्या फाइली त्यांच्या त्यांच्याच घरात चालतात. नॅमचं यंत्र असेल तर डॉट नॅमचीच फाइल लागते. झिप उघडून आतली फाइल घ्या, झिप तशीच टाकू नका. आणि फर्मवेअर बदलण्याआधी सगळ्या पॅचची प्रत संगणकावर घेऊन ठेवा, कारण काही यंत्रांत फर्मवेअर बदलताना पॅच मूळ स्थितीला जातात. लग्नाच्या आदल्या रात्री तर फर्मवेअरला हातच लावू नका. ते काम आषाढात, कार्यक्रम नसताना करा.